रेषच नाहीये, तरी त्रिकोण दिसतो कसा?

तीन काळे पॅकमॅन (जुन्या व्हिडिओ गेममधल्यासारख्या, तोंड उघडल्यागत खाच असलेल्या गोल चकत्या), तोंडं आतल्या बाजूला, आणि मधे एक स्वच्छ पांढरा त्रिकोण. तुमचा प्रश्न असा की झूम करून पाहिलं तर त्या त्रिकोणाच्या बाजूंवर काहीच नाही, कोरा कागद आहे, मग कडा दिसते कशी, आणि हे एकदा कळल्यावरसुद्धा ती दिसायची थांबत का नाही. शिवाय भाऊ म्हणतो मला काही कडाबिडा दिसत नाही, आणि तुम्हाला हीच आयडिया एका लोगोत वापरायचीये. मी बरीच वर्षं ऑप्टोमेट्री आणि सायकॉलॉजीच्या पोरांना हा विषय शिकवते आणि त्याआधी लॅबमध्ये याच प्रकारच्या चित्रांवर काम केलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

"मेंदू रिकाम्या जागा भरून काढतो" हे उत्तर सगळीकडे मिळतं. अगदी चूक म्हणता येणार नाही, पण त्यातून कळत काहीच नाही, कारण मेंदू प्रत्येक रिकामी जागा भरत नाही ना! ठिपक्यांची रांगोळी घ्या. चार ठिपके चौकोनात मांडले तर चौकोन आहे हे लगेच कळतं, पण दोन ठिपक्यांच्या मधे तुम्हाला कडा दिसते का? नाही दिसत. जमीन जशी आहे तशीच राहते, चार ठिपक्यांच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा उजळ वगैरे वाटत नाही. आता त्याच जागी चार काळ्या चकत्या ठेवा आणि प्रत्येकीचा आतल्या बाजूचा पाव भाग कापून टाका. झालं, चौकोन दिसायला लागला, कडेसकट. दोन्ही वेळेला मधली जागा तितकीच रिकामी आहे, मग पहिल्यांदा ती का भरली नाही आणि दुसऱ्यांदा का भरली, हा खरा प्रश्न. चौकोन कळणं आणि चौकोन दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं डोक्यात पक्कं ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

या चित्राला कनिझा त्रिकोण म्हणतात. गाएतानो कनिझा हे इटलीतल्या त्रिएस्तेचे मानसशास्त्रज्ञ, जन्म १९१३, आणि स्वतः चित्रंही काढायचे, ते त्यांच्या आकृत्या पाहिल्या की लक्षात येतंच. त्यांनी १९५५ मध्ये इटालियन जर्नलमध्ये यावर लिहिलं, पण ते इटालियनमध्ये असल्यामुळे बाहेर फारसं कुणी वाचलं नाही, १९७६ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांचा लेख आला तेव्हा मात्र हा त्रिकोण सगळ्या पाठ्यपुस्तकांत शिरला. पहिले ते नव्हेत हं. जर्मनीत फ्रीडरिख शूमान यांनी १९०० मध्येच अशा नसलेल्या कडांचं वर्णन केलं होतं, आणि १९४१ मध्ये वाल्टर एरेनश्टाइन यांनी जाळीच्या रेषा चौकात तोडून दाखवल्या, की त्या तुटलेल्या चौकात उजळ गोल चकती दिसते. पण कनिझांचं चित्र इतकं साधं आणि इतकं ठसठशीत आहे की नाव त्यांचंच राहिलं.

आता चित्राकडे नीट बघा, कारण तिथे एक नाही तर चार गोष्टी घडतायत. कडा दिसते, ही एक. त्रिकोणाचा पांढरा रंग बाजूच्या कागदापेक्षा जास्त पांढरा वाटतो, ही दुसरी, आणि लाइट मीटर लावलात तर दोन्हीकडे आकडा एकच येईल. तिसरी म्हणजे त्रिकोण कागदाच्या थोडा वर, पुढे आल्यासारखा वाटतो. आणि चौथी, जी बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे ते पॅकमॅन तुम्हाला पॅकमॅन वाटतच नाहीत, ते पूर्ण गोल आहेत आणि त्यांचा थोडा भाग त्रिकोणाखाली झाकला गेलाय असं वाटतं. या चारही गोष्टी एकत्र येतात आणि बहुतेक वेळा एकत्रच जातात. म्हणजे मेंदू फक्त रेष ओढत नाहीये, तो म्हणतोय की इथे एक पांढरा पृष्ठभाग आहे, तो पुढे आहे, आणि मागच्या गोष्टी त्याने झाकल्यात. कडा ही त्या पृष्ठभागाची कडा आहे.

असं करायची मेंदूला गरज काय? कारण खऱ्या जगात हे रोज घडतं. पांढऱ्या चादरीवर पांढरा कागद पडलाय, कागदाचा काही भाग चादरीच्या निळ्या फुलांवर आलाय, काही भाग कोऱ्या पांढऱ्यावर. फुलांवर कागदाची कड स्वच्छ दिसते, पांढऱ्यावर मात्र कागद आणि चादर सारख्याच उजेडात असतील तर तिथे डोळ्यात पोचणाऱ्या प्रकाशात काहीच फरक नसतो. कड खरी आहे, पण डोळ्यापर्यंत तिची खूण पोचलेलीच नाही. झाडीत बसलेला प्राणी, अंधारातला जिना, सगळीकडे हेच, वस्तूच्या कडेचे तुकडे तुकडे मिळतात. जी दृष्टी फक्त मिळालेल्या तुकड्यांवर थांबेल तिला बिबट्याचा अर्धा कान आणि शेपटीचा तुकडा दिसेल, बिबट्या नाही. त्यामुळे कनिझा त्रिकोण हा दृष्टीचा बिघाड आहे असं मला अजिबात वाटत नाही, रोजचंच काम चाललंय, फक्त यावेळी समोर खरोखरची वस्तू ठेवलेली नाही.

मग मेंदू कुठली खूण धरून ठरवतो की इथे झाकणारं काहीतरी आहे? मुख्य खूण म्हणजे तो कोपरा, जिथे गोलाची वळत आलेली कड एकदम मोडते आणि सरळ होऊन आत जाते. एखादी वस्तू दुसरीला झाकते तेव्हा दोघींच्या कडा जिथे भेटतात तिथे असा एकदम मोड येतोच. ठिपक्याला असा मोड नसतो, म्हणून रांगोळीत कडा उगवत नाही. शिवाय एका चकतीतल्या खाचेची सरळ बाजू पुढच्या चकतीतल्या खाचेच्या बाजूशी बरोब्बर एका रेषेत येते. तीन चकत्या, तिघींत प्रत्येकी ६० अंशांची खाच, आणि तिन्ही खाचांच्या बाजू एकमेकींच्या समोर, हे आपोआप जुळून यायची शक्यता किती? त्यापेक्षा तीन आख्ख्या चकत्यांवर एक त्रिकोण ठेवलाय हे कितीतरी जास्त संभवतं.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी १९७२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या जर्नलमध्ये जवळपास हेच म्हटलं, की या कडा म्हणजे मेंदूने मांडलेलं गृहीतक आहे. कनिझांना ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं बघणं वेगळं आणि विचार करणं वेगळं, दृष्टीला स्वतःचे नियम आहेत आणि ते तर्काप्रमाणे चालत नाहीत. त्यांचा मुद्दा तपासायचा असेल तर चार चकत्यांच्या जागी चार अधिकची चिन्हं ठेवा, जाड, काळी, अशा अंतरावर की प्रत्येकाचा आतला कोपरा मिळून चौकोन व्हावा. भूमिती जवळजवळ तीच, काटकोन तेच, बाजू एका रेषेत, पण चौकोन दिसत नाही किंवा अगदीच पुसट दिसतो, कारण अधिकचं चिन्ह स्वतःत पूर्ण आहे, त्याचं काही झाकलं गेलंय असं वाटायला जागाच नाही. मला विचाराल तर दोघेही अर्धे बरोबर. मेंदू नेमकं काय काढतोय याबद्दल ग्रेगरी बरोबर, झाकणाऱ्या वस्तूचा अंदाजच काढतोय. पण हा अंदाज तुम्ही-आम्ही डोक्याने काढतो तसला नाही, त्यात तुमचं मत कुणी विचारत नाही, इथे कनिझा बरोबर.

नुसतं वाचू नका, करून बघा. पॉवरपॉइंटमध्ये 'पाय' (Pie) नावाचा किंवा अर्धवट वर्तुळाचा शेप मिळतो, त्यातून पाच मिनिटांत पॅकमॅन होतात, आउटलाइन काढून टाका, फिल काळा ठेवा. आधी साधा चौकोन करा. मग एकच पॅकमॅन हळूहळू फिरवत जा, पाच-सात अंश फिरवलात तर चौकोनाची बाजू किंचित वाकेल पण टिकेल, अजून फिरवलात की अचानक सगळं कोसळतं आणि चार वेगळे पॅकमॅन उरतात. मग पुन्हा सरळ करा आणि एकेका पॅकमॅनचं तोंड बारीक काळ्या कंसाने बंद करा, म्हणजे गोलाचा जो भाग गायब आहे तिथे फक्त बारीक आउटलाइन. चौकोन विरतो, कारण आता गोल कुणाच्या मागे लपलेला नाही हे स्पष्ट झालं, तो समोरच आहे, त्याच्यात फक्त रंग कमी भरलाय. माझ्या वर्गात हा प्रयोग दरवर्षी असतो आणि मला सगळ्यात आवडतो तोच, एक केसाएवढी रेष वाढवली आणि दुसरीकडची रेष गेली!

फिरवल्यावर चौकोन कधी टिकतो आणि कधी मोडतो याचे नियम अमेरिकेत फिलिप केलमन आणि थॉमस शिप्ली यांनी १९९१ मध्ये मांडले. सोपं करून सांगायचं तर दोन खऱ्या कडा पुढे वाढवल्या आणि त्या एका गुळगुळीत वळणाने जोडता आल्या, वळण ९० अंशांपेक्षा जास्त न होता, तर मेंदू त्या जोडतो, नागमोडी वळण घ्यावं लागत असेल तर सोडून देतो. दुसरा नियम कामाचा आहे, लोगोसाठी तर फारच. आख्ख्या बाजूची जेवढी लांबी, तिच्यातली किती खरोखर छापलेली आहे, हे प्रमाण जितकं मोठं तितकी कडा ठळक. यात सेंटीमीटर महत्त्वाचे नाहीत, प्रमाण महत्त्वाचं, म्हणून चित्र मोबाइलवर बघा नाहीतर प्रोजेक्टरवर, त्रिकोण तेवढाच ठाम दिसतो. पण चकत्यांचा आकार तसाच ठेवून त्या लांब लांब सरकवल्या की कडा पातळ होत जाते.

वर्गात एक शंका हमखास येते, की काळ्याच्या शेजारी पांढरं जास्त पांढरं वाटतं एवढंच असेल, त्यात काय मोठं. चांगली शंका आहे, पण तिला उत्तर आहे. पान करड्या रंगाचं घ्या, दोन पॅकमॅन काळे ठेवा आणि दोन पांढरे. काळ्याजवळ आतली जागा उजळायला हवी, पांढऱ्याजवळ गडद व्हायला हवी, दोन्ही मिळून फिट्टंफाट, आणि खरंच चौकोन करड्या पानापेक्षा उजळही वाटत नाही की गडदही नाही. कडा मात्र दिसते! म्हणजे उजळपणा हा कडेचा जन्मदाता नाही, तो बरोबर येणारा पाहुणा आहे. उलट एक गोष्ट कडेला खरंच मारते, ती म्हणजे पान आणि पॅकमॅन यांचे रंग वेगळे पण उजेड अगदी सारखा ठेवणं, उदाहरणार्थ हिरव्यावर लाल, दोन्हींची चमक जुळवून. रंगाचा फरक ढळढळीत दिसतो, त्रिकोण मात्र नाहीसा होतो. घरच्या स्क्रीनवर चमक बरोब्बर जुळवणं कटकटीचं आहे, कारण ती प्रत्येक डोळ्याला थोडी वेगळी लागते, तेव्हा जमलं नाही तर नाद सोडा.

भरीव आकारच लागतात असंही नाही. आडव्या रेषांचा एक पट्टा आणि त्याच्या खाली-वर अर्ध्या अंतराने सरकवलेल्या रेषांचा दुसरा पट्टा शेजारी आणून भिडवा, जिथे रेषांची टोकं भेटतात तिथे उभी कडा दिसते, आणि ती उभी कडा कुणी काढलेलीच नाही. आयबीएमचा आठ पट्ट्यांचा लोगो, पॉल रँड यांनी १९७२ मध्ये केलेला, याच तत्त्वावर उभा आहे. सगळे आडवे तुकडे आहेत, अक्षरांच्या उभ्या बाजू मात्र आपल्याला सलग दिसतात. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पांडाला पाठ आणि डोक्याचा वरचा भाग काढलेलाच नाहीये, तिथे कागद कोरा आहे, आपल्याला गुबगुबीत पांडा दिसतो तो दिसतोच. त्यात थोडं काम ओळखीचंही आहे, पांडा कसा असतो ते आपल्याला माहितीये, कनिझा त्रिकोणाइतकं शुद्ध उदाहरण ते नाही.

आता डोक्याच्या आत जाऊ, कारण "कळणं की दिसणं" या भांडणाचा निकाल तिथे लागला. १९८४ साली झुरिकमध्ये र्युडिगर फॉन डेर हाइट, एस्थर पेटरहान्स आणि ग्युंटर बाउमगार्टनर यांनी माकडांच्या मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या एकेका न्यूरॉनची, म्हणजे मेंदूतल्या पेशीची, नोंद घेतली आणि सायन्स या जर्नलमध्ये छापली. डोळ्याकडून आलेली माहिती मेंदूच्या मागच्या भागात आधी व्ही-वन म्हणतात तिथे पोचते, मग व्ही-टू मध्ये. या दोन्ही ठिकाणच्या न्यूरॉन्सना आपापली एक छोटी खिडकी असते, पडद्याचा तेवढाच तुकडा त्यांना दिसतो, आणि त्या तुकड्यात ठरावीक कलाची रेष आली की ते फायर होतात. संशोधकांनी काय केलं, की खिडकीत काहीच बदलणार नाही अशी सोय केली, खाचा असलेले आकार खिडकीच्या दोन्ही बाजूंना, आणि मधली भासमान कडा खिडकीतून सरकवली. व्ही-टू मधल्या बऱ्याच न्यूरॉन्सनी उत्तर दिलं, जणू रेषच गेली समोरून. आणि माझ्या दृष्टीने खरी गंमत पुढे आहे, त्यांनी खाचांची तोंडं बारीक रेषेने बंद केली तेव्हा न्यूरॉन्सचा प्रतिसाद पडला. वर तुम्ही पॉवरपॉइंटमध्ये केलंत ना, तेच. माणसाला जिथे कडा दिसायची थांबते तिथेच माकडाचा न्यूरॉन गप्प होतो.

त्यांना व्ही-वन मध्ये असा प्रतिसाद सापडला नव्हता, १९९३ मध्ये दुसऱ्या एका गटाने रेषांच्या टोकांचे पट्टे वापरून तो तिथेही दाखवला, आणि मग वर्षानुवर्षं वाद चालला की सुरुवात कुठून होते. २००१ मध्ये ताइ सिंग ली आणि न्गुयेन यांनी घड्याळ लावून बघितलं. चित्र दाखवल्यापासून साधारण ६५ मिलिसेकंदांनी व्ही-टू मध्ये भासमान कडेचा सिग्नल येतो आणि व्ही-वन मध्ये साधारण १०० मिलिसेकंदांनी. रस्त्यात आधी व्ही-वन लागतो, तरी तिथे सिग्नल उशिरा! याचा सरळ अर्थ असा की वरच्या ऑफिसने ठरवलं आणि मग खाली कळवलं. पुढे २०१६ मध्ये पीटर कोक वगैरे मंडळींनी सात टेस्लाच्या, म्हणजे फार ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआयमध्ये माणसाच्या व्ही-वनचे थर वेगळे करून पाहिले, तर कनिझा आकृतीच्या वेळी त्याच्या खालच्या थरात हालचाल वाढते, आणि वरून येणारे निरोप ज्या थरांत उतरतात त्यातलाच तो एक.

अगदी ताजं म्हणाल तर २०२५ मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी उंदरांच्या व्ही-वन मध्ये भासमान कडांनाच उत्तर देणारे मोजके न्यूरॉन्स शोधले आणि लेझरने फक्त तेवढेच चेतवले, समोर काही चित्र न दाखवता. शेजारच्या न्यूरॉन्सच्या जाळ्यात कडा दिसताना जसा नमुना उमटतो तसाच उमटला. म्हणजे वरून निरोप येतो, आणि खाली काही ठरावीक न्यूरॉन्स तो धरून आजूबाजूला पसरवतात, असं चित्र आता तयार होतंय. उंदराला त्यावेळी नेमकं काय "दिसलं" ते उंदीरच जाणे.

तर तुमचा दुसरा प्रश्न, माहिती असूनही का जात नाही. कारण हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होऊन जातं, आणि "अरे, ही तर युक्ती आहे" हा विचार तुम्ही जिथे करता त्या भागापर्यंत जे पोचतं ते कडेसकट तयार होऊनच पोचतं. तिथून खाली "ही कडा पुसा" असा हुकूम पाठवायची सोय नाही. माझ्यासारखीने वर्षानुवर्षं ही चित्रं बघितली तरी त्रिकोण पहिल्यासारखाच दिसतो. आणि या भासमान कडा पुढच्या कामालाही खऱ्या कडांसारख्याच वापरल्या जातात. तिरप्या रेषांकडे बराच वेळ बघून मग उभी रेष बघितली तर ती उलट्या बाजूला कललेली वाटते, हा जुना प्रयोग भासमान कडांनीही होतो, १९७५ मध्येच दाखवलाय.

लक्ष सुद्धा लागत नाही याचा एक जबरदस्त पुरावा पेशंटकडून मिळाला. मेंदूच्या उजव्या पॅरायटल (वरच्या-मागच्या) भागाला इजा झालेल्या काही लोकांना एकट्या डाव्या बाजूची वस्तू दाखवली तर दिसते, पण त्याच वेळी उजवीकडेही काही दाखवलं की डावीकडचं हरवतं, त्यांना ते जाणवतच नाही. जेसन मॅटिंग्ली, ग्रेग डेव्हिस आणि जॉन ड्रायव्हर यांनी १९९७ मध्ये अशा एका पेशंटला पॅकमॅन दाखवले. खाचा अशा वळवल्या की दोन्हीकडचे मिळून एक चौकोन व्हावा, तर डावीकडचं हरवण्याचं प्रमाण खूप कमी झालं. चौकोन एक वस्तू म्हणून आधीच जुळून आला होता, लक्ष तिकडे पोचायच्या आत. ऑप्टोमेट्रीच्या पोरांना मी हा पेपर मुद्दाम वाचायला लावते, कारण "पेशंटला दिसत नाही" या वाक्याखाली किती काय काय असू शकतं ते त्यातून समजतं.

प्राण्यांनाही दिसतात का? दिसतात, आणि यादी मोठी आहे, मांजर, माकड, घुबड, मासे, इतकंच काय मधमाश्यासुद्धा, त्यांच्यावरचं काम १९९० चं आहे. मधमाशीच्या डोक्यात आपल्यासारखा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, नाही, म्हणजे ही युक्ती निसर्गाने एकाहून जास्त वेळा शोधलीये, झाकलेलं ओळखणं ही गरजच तेवढी सार्वत्रिक आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये एक मजेदार प्रयोग झाला, लोकांना घरीच जमिनीवर कागदाचे पॅकमॅन चिकटवून आपली मांजर कुठे बसते ते बघायला सांगितलं. प्रयोग पूर्ण करणारे ३० जणच उरले आणि त्यातल्या ९ मांजरांनीच कुठेतरी बसायची कृपा केली, पण त्या ९ जणी खऱ्या चौकोनात जेवढ्या बसल्या साधारण तेवढ्याच भासमान चौकोनातही बसल्या, आणि पॅकमॅन उलटे वळवून ठेवलेल्या जागेत त्यामानाने कमी. आकडा छोटा आहे, फार पुढचं काही त्यावरून सांगू नये, पण मांजर पाळणाऱ्यांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

माणसाच्या बाळांत ही क्षमता जन्मताच पूर्ण नसते, पहिल्या काही महिन्यांत बसत जाते. इथे एक भारतातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात आणि दृष्टी आल्यावर त्यांना काय काय दिसतं याचा अभ्यासही होतो. २०१५ मध्ये त्यांनी दाखवलं की रेल्वेच्या रुळांसारख्या रेषांमधली सारखी पट्टी लहानमोठी दिसते तो पोन्झोचा भ्रम, आणि बाणाच्या टोकांचा म्युलर-लायर भ्रम, हे दोन्ही या मुलांना ऑपरेशननंतर लगेच होतात, म्हणजे त्यासाठी बघण्याचा अनुभव लागत नाही. भासमान कडांचं तसं नाही. २००७ मध्ये जर्मनीतल्या ब्रिगिटे र्योडर यांच्या गटाने जन्मजात मोतीबिंदूचे लोक तपासले, तर ज्यांचं ऑपरेशन पहिल्या पाच-सहा महिन्यांनंतर झालं होतं त्यांना मोठेपणीही भासमान आकार शोधणं जड जात होतं. म्हणजे सगळे दृष्टिभ्रम एका पोत्यात घालू नका, काही जन्मापासूनच्या वायरिंगमधून येतात आणि काहींना सुरुवातीच्या महिन्यांत स्वच्छ प्रकाश मिळावा लागतो. जाता जाता, तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं, फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर "मोठं झालं की बघू" करू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.

कंप्युटरबद्दलही हल्ली सगळे विचारतात म्हणून थोडक्यात. फोटो ओळखायला शिकवलेल्या साध्या न्यूरल नेटवर्कमध्ये माहिती एकाच दिशेने जाते, आणि २०१८ मधल्या एका अभ्यासात अशी नेटवर्क्स भासमान कडा बघतात असं काही आढळलं नाही. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या गटाने नेटवर्कला वरून खाली येणारा रस्ता जोडला, वरच्या पातळीने खालच्या पातळीचा अंदाज बांधायचा, आणि मग त्याला कनिझा चौकोनाची चाहूल लागायला लागली. माकडाच्या घड्याळाने जे सांगितलं त्याच्याशी हे जुळतं.

आता तुमचा भाऊ. "दिसत नाही" म्हणणारे प्रत्येक बॅचमध्ये एक-दोन असतातच आणि बहुतेकांना दिसत असतं. होतं काय, की ते नसलेली रेष शोधायला जातात, बाजूच्या मधोमध नजर रोखतात, आणि तिथे टक लावली की कडा फिकी पडते. नजर त्रिकोणाच्या मधे सैल ठेवायची, आख्खं चित्र एकदम घ्यायचं. दुसरं म्हणजे "कडा दिसते का" हा प्रश्नच वाईट आहे, कारण एकाचं "हो" आणि दुसऱ्याचं "हो" एक असेलच असं नाही. लॅबमध्ये त्याऐवजी जाडा-बारीक चाचणी करतात, डारियो रिंगाख आणि रॉबर्ट शॅपली यांनी १९९६ मध्ये ती वापरून भासमान कडा जुळायला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. चारही पॅकमॅन अगदी थोडे फिरवायचे, वरचा डावा एका दिशेने तर वरचा उजवा उलट्या, खालचे त्याच हिशोबाने, म्हणजे चौकोनाच्या उभ्या बाजू एकतर बाहेर फुगतात नाहीतर आत जातात. चित्र क्षणभर दाखवायचं आणि विचारायचं, चौकोन जाडा होता का बारीक. भावाला वीस-पंचवीस वेळा उलटसुलट क्रमाने दाखवा, बहुतेक उत्तरं बरोबर आली तर त्याच्या व्ही-टू मध्ये काही बिघाड नाही, फक्त वाद घालायची हौस आहे. एक पळवाट राहते, तो एकाच पॅकमॅनकडे बघून उत्तर देऊ शकतो, म्हणून सगळ्या पॅकमॅनची तोंडं बाहेर वळवलेली चित्रंही मधे मधे टाका, तेवढंच फिरवून, तिथे चौकोन नसतो. त्यावर तो बऱ्यापैकी कमी पडला आणि चौकोनावर सुधारला, तर त्याला आकार दिसतोय.

लोगोसाठी मी काय करेन ते सांगते. प्रत्येक बाजूची निदान निम्मी लांबी खरी छापलेली ठेवेन, त्याहून कमी केलं तर बघणाऱ्याला डोळे बारीक करावे लागतात. चकत्यांना आउटलाइन अजिबात देणार नाही, तोंडाशी तर नाहीच नाही. रंग कुठलेही घ्या पण बॅकग्राउंड आणि चकती यांच्या चमकेत भरपूर फरक ठेवा, फाइल ब्लॅक अँड व्हाइट करून बघायची, तिथे आकार पडला तर रंग बदला, कारण वरचं लाल-हिरव्याचं आठवतंय ना. अधिकच्या चिन्हासारखे किंवा फुलासारखे स्वतःत पूर्ण वाटणारे तुकडे टाळा, अपुरे वाटणारे घ्या. आकार लहान केल्याने भास कमी होत नाही हे खरं, पण ॲपच्या आयकॉनएवढ्या साइजला खाचांचे कोपरे पिक्सेलमध्ये गोल होऊन जातात आणि सगळी मदार त्या कोपऱ्यांवरच आहे, तेव्हा छोट्या साइजसाठी खाचा थोड्या मोठ्या केलेली वेगळी फाइल बनवून ठेवा आणि छापायच्या आधी स्वस्तातल्या मोबाइलवर एकदा बघून घ्या.